लोखंडी शेडांच्या एकाहून अधिक बांधकामांचे व्यवस्थापन (सोलापूर परिसर)

गोदामे, कारखान्यांचे शेड, शीतगृहे, शोरूम, मंगल कार्यालये अशा व्यापारी वापराच्या लोखंडी इमारती एकाच ठेकेदाराने एकाच काळात वेगवेगळ्या जागी उभ्या करणे आणि त्यासाठी माल, क्रेन, कामगारांच्या टोळ्या, परवानग्या व पैसा यांचा मेळ घालणे, असा या कामाचा आवाका आहे. बोलण्यात या इमारतींना नुसते ‘शेड’ किंवा ‘पीईबी’ (प्री-इंजिनिअर्ड बिल्डिंग) म्हणतात. सोलापुरात ही कामे प्रामुख्याने अक्कलकोट रोड व चिंचोळी या औद्योगिक वसाहतींत, पुणे–सोलापूर–हैदराबाद महामार्गाच्या (राष्ट्रीय महामार्ग ६५) कडेने आणि तालुक्यांतील साखर कारखान्यांच्या आवारात दिसतात.

या इमारतींचा सांगाडा साइटवर बनत नाही. कारखान्यात प्लेटा कापून व जोडून कॉलम (उभे खांब) आणि राफ्टर (छताच्या तिरप्या तुळया) तयार होतात. जिथे वाकवणारा जोर जास्त तिथे त्यांची खोली वाढवतात आणि जिथे कमी तिथे ते निमुळते ठेवतात. त्यामुळे लोखंड वाचते. छताचा पत्रा पेलणाऱ्या पट्ट्यांना पर्लिन आणि भिंतीकडच्या पट्ट्यांना गर्ट म्हणतात. प्रत्येक नगावर त्याचा मार्क (ओळखीचा क्रमांक) असतो आणि साइटवर सारे बोल्टने जुळवायचे असते. संकल्पन ‘आयएस ८००’ (२००७) या भारतीय मानक संहितेनुसार करतात, तर वाऱ्याचा भार ‘आयएस ८७५’च्या तिसऱ्या भागावरून (२०१५) काढतात. ‘आयएस १८९३’च्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे सोलापूर भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात मोडते, पण हलक्या छताच्या शेडला बहुतेक वेळा भूकंपापेक्षा वाराच भारी पडतो.

कारखान्यात फ्रेम (कॉलम व राफ्टर जोडून होणारी चौकट) तयार होत असतानाच इकडे पायाचे काम चालते, म्हणून शेड लवकर उभे राहते. नेमकी हीच गोष्ट अनेक साइटच्या व्यवस्थापनाला अवघड करते. एका साइटचे संकल्पन मंजुरीला गेलेले असते, दुसरीचा माल रंगकामात असतो, तिसरीचे इरेक्शन (फ्रेमची उभारणी) चालू असते आणि चौथीचे बिल अडलेले असते. साऱ्यांचा भार मात्र त्याच दोन क्रेनवर आणि त्याच तीन टोळ्यांवर असतो.

पाया आणि अँकर बोल्ट

सोलापूर जिल्ह्यात भीमा आणि सीनेच्या खोऱ्यांत काळी माती बऱ्याच भागांत आढळते. ती ओलीने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो. मुरूम कुठे चार फुटांवर लागतो, कुठे आठ फूट खणूनही माती संपत नाही. एकाच प्लॉटच्या दोन टोकांना दोन तऱ्हा निघाल्याचे प्रसंगही येतात. त्यामुळे दोन साइटवर हुबेहूब एकाच मापाचे शेड असले तरी पायाचे ड्रॉइंग एकीचे दुसरीला लावता येत नाही. ही चूक सुरुवातीला दिसत नाही, चार-सहा वर्षांनी फरशी उचलली जाऊ लागली की कळते.

पायातले अँकर बोल्ट (काँक्रीटमध्ये रोवलेले, कॉलमला धरून ठेवणारे बोल्ट) हे स्थापत्याचे काम आणि लोखंडाचे काम यांच्यातला सांधा आहेत. समजा, ३० मीटर रुंद व ६० मीटर लांब शेडला साडेसात मीटर अंतराने फ्रेम आहेत. मग फ्रेम ९, मुख्य कॉलम १८ आणि कॉलममागे ४ धरले तर अँकर बोल्ट ७२ होतात. त्यांच्या जागेत बेसप्लेटच्या (कॉलमच्या तळाच्या प्लेटच्या) भोकाला पेलणार नाही इतकी चूक झाली की कॉलम बसत नाही. कारखान्यातून माल निघून गेलेला असतो, क्रेनचे भाडे चालू झालेले असते आणि मग कोणीतरी गॅसकटरने भोक वाढवायला सुचवते. तसे करणे चूक आहे. काँक्रीट ओतण्यापूर्वी टेम्प्लेट (बोल्ट जागेवर धरणारा साचा) लावून टोटल स्टेशन या मोजणी यंत्राने तपासणी आणि काँक्रीटनंतर पुन्हा एकदा तपासणी, या दोन नोंदी हाती आल्याशिवाय मुख्य फ्रेमचा माल त्या साइटकडे सोडायचा नाही, असा दंडक चांगले ठेकेदार पाळतात. साइट एकच असेल तर ही शिस्त आपोआप राहते. चार साइट झाल्या की पहिल्यांदा तीच ढिली पडते.

क्रेन, टोळी आणि वळवाचा वारा

या साऱ्या व्यवस्थापनाचा कणा म्हणजे क्रेन कुठून कधी हलवायची हा निर्णय. लोखंड विकत घेता येते, ट्रक भाड्याने मिळतो. पण सराईत इरेक्शन टोळी आणि तिला सरावलेला क्रेनचालक मोजकेच असतात. इकडे प्रत्येक मालकाचा फोन चालूच असतो : “काय ओ साहेब, आमच्याकडं क्रेन कधी लावताय?” सगळ्यांचे मन राखावे म्हणून दोन दिवस इथे, दोन दिवस तिथे अशी क्रेन फिरवली, तर प्रत्येक साइटवर चार-सहा फ्रेम अर्धवट उभ्या राहतात. कागदावर सगळी कामे पुढे सरकलेली दिसतात. प्रत्यक्षात हीच सर्वांत धोक्याची अवस्था असते.

कारण असे की फ्रेम इमारतीच्या रुंदीच्या दिशेने भक्कम असते, पण इमारतीच्या लांबीच्या दिशेने ती एकटी उभी राहू शकत नाही. दोन फ्रेममध्ये पर्लिन, गर्ट आणि तिरपे ब्रेसिंग (फ्रेमना एकमेकींशी बांधणारे आधार) बसले, बोल्ट आवळले आणि ओळंबा मिळाला, की ते दालन (याला ‘बे’ म्हणतात) स्थिर होते आणि पुढच्या फ्रेमना आधार मिळतो. म्हणून इरेक्शनची सुरुवात ब्रेसिंगच्या दालनापासून करतात. तोवर फ्रेम तारांच्या दोरांनी ताणून धरलेल्या असतात. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात दुपारभर ऊन तापते आणि संध्याकाळी अचानक वळवाचे वादळ सुटते. त्या वाऱ्यात ब्रेसिंग नसलेल्या फ्रेम पत्त्यांसारख्या एकावर एक कोसळू शकतात, आणि न बांधलेले पत्रे उडून शेजारच्या वस्तीत जाऊ शकतात. अशा फ्रेमच्या सावलीत कामगार डबा खायला बसलेले असतात, त्यांची पोरेही कधी आसपास असतात. त्यामुळे ‘ब्रेसिंग उद्या लावू’ या वाक्याला साइटवर जागाच असता कामा नये.

यावरून निघणारा नियम साधा आहे : सुरू केलेले दालन ब्रेसिंगसह पुरे झाल्याचे साइट इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय क्रेन तिथून हलवायची नाही, आणि हलवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असावा. मालक, विक्री विभाग किंवा मुकादम यांच्या परस्पर फोनवर क्रेन निघू नये. दर शनिवारी सर्व साइटच्या इंजिनिअरांना एकत्र बसवून पुढच्या दोन आठवड्यांचा क्रेनचा क्रम ठरवणे आणि तो सर्व मालकांना कळवणे, हे काम दोन तास खाते. पण आपली पाळी कधी येणार हे ठाऊक असलेला मालक सहसा फोन करून काम तोडत नाही.

बहुतेक साइटवर ‘हायड्रा’ म्हणून ओळखली जाणारी, माल उचलून चालत नेणारी क्रेन वापरतात. ओल्या काळ्या मातीत तिची चाके रुततात आणि लांब राफ्टर टांगलेला असताना ती कलंडण्याचा धोका असतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी प्लॉटच्या आत मुरमाचा रस्ता टाकून घेणे हा खर्च वाटला तरी करावा.

मालाची आवक

सोलापूरकडे फ्रेमचा माल बहुधा पुणे किंवा हैदराबाद परिसरातील कारखान्यांतून येतो. पुणे सुमारे २५० आणि हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. कारखान्याचा कल जे तयार आहे ते ट्रकमध्ये भरून मोकळे होण्याकडे असतो. साइटला मात्र अँकर बोल्ट, मुख्य फ्रेम व ब्रेसिंग, पर्लिन-गर्ट, पत्रे आणि शेवटी फ्लॅशिंग (सांधे झाकणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या) व गटर असा क्रम हवा असतो. पत्रे आधी आले तर ते महिनाभर पडून राहतात. थरांमध्ये पाणी अडकले की डाग पडतात, म्हणून थप्पी एका बाजूला उतरती ठेवून झाकावी लागते.

‘सी-१’ नावाचा कॉलम प्रत्येक कामात असतो. ट्रक भरलेला दिसावा म्हणून दोन साइटचा माल एकत्र पाठवला, की चुकीचा नग चुकीच्या गावात उतरतो आणि त्याचा पत्ता इरेक्शनच्या दिवशी लागतो. यावर स्वस्त उपाय आहे : मार्कच्या आधी कामाचा क्रमांक लिहायचा आणि प्रत्येक साइटला एक रंग ठरवून नगाच्या टोकाला त्याचा पट्टा ओढायचा. साइटवरच्या ज्या फिटरला इंग्रजी अक्षरे वाचता येत नाहीत, त्यालाही रंग कळतो.

ई-वे बिलाची (माल वाहून नेण्यासाठी लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाची) मुदत साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते, म्हणजे हैदराबादहून येणाऱ्या ट्रकला दोन दिवस. तो अडकला तर मुदत संपण्याच्या आधी किंवा नंतर ८ तासांच्या आत ती वाढवून घ्यावी लागते. अडकण्याची कारणे इथली आहेत. आषाढी वारीच्या दिवसांत पंढरपूरकडच्या रस्त्यांवरून जड वाहने वळवली जातात. डिसेंबर-जानेवारीत बाजार समितीत कांद्याची आवक वाढली की हैदराबाद रोडवर ट्रकच्या रांगा लागतात. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्ता धरून असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तर सीनेला महापूर आल्याने लांबोटी येथे सोलापूर–पुणे महामार्गाची वाहतूकच थांबवावी लागली.

ऊन आणि कामाचे तास

मे महिन्यात पारा ४२ ते ४४ अंशांपर्यंत चढतो आणि तापलेल्या पत्र्यावर पाय ठरत नाही. म्हणून पहाटे ६ ते ११ आणि ऊन कलल्यावर पुन्हा, असे तास लावतात. उन्हाचा परिणाम मापांवरही होतो. पोलाद दर अंशाला प्रतिमीटर ०.०१२ मिलिमीटर वाढते, म्हणजे ६० मीटर लांबीत ३० अंशांच्या फरकाने जवळपास २२ मिलिमीटर. म्हणून ओळंबा आणि रेषा सकाळीच तपासतात, आणि सर्व साइटची मापे एकाच वेळेची असावीत असे पाहतात.

माणसे

इरेक्शनच्या टोळ्या बऱ्याचदा बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशातून येतात. मदतनीस अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागांतले असतात. साइटवर हिंदी, मराठी, कन्नड आणि तेलुगू चारही भाषा ऐकू येतात. सुरक्षेची सूचना एकाच भाषेत दिली तर ती निम्म्या लोकांपर्यंत पोहोचत नाही. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येणाऱ्या छठला टोळ्या गावी जातात आणि तीन आठवडे परतत नाहीत. नेमके त्याच सुमारास साखर कारखान्यांना हंगामापूर्वी गोदाम हवे असते. हा पेच दरवर्षी येतो, म्हणून अशी कामे गणपतीपर्यंत छताला नेण्याचे नियोजन करावे लागते. उंचावर प्रत्येकाला पूर्ण अंगाचा पट्टा आणि तो अडकवायला ताणलेली जीवनदोरी हवी. नुसता पट्टा घालून उपयोग नाही. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर सुरू झाला, पण कामगाराची नोंदणीच नसेल तर त्याचा लाभ त्याला मिळत नाही. ही नोंदणी करून देणे ठेकेदाराच्या हातचे आहे.

परवानग्या आणि पैसा

औद्योगिक वसाहतीत नकाशा एमआयडीसी मंजूर करते, शहरात महापालिका. एमआयडीसी हद्दीबाहेर २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू होते. बिले आगाऊ रक्कम, माल पोहोच, इरेक्शन आणि राखीव रक्कम अशा टप्प्यांत निघतात. एका साइटचा आगाऊ पैसा दुसरीच्या पोलादाला लावण्याची सवय या धंद्यात अनेकांना बुडवते. बिलासाठी लोखंडाचे वजन ड्रॉइंगवरचे धरायचे की काट्यावरचे, हे करारात लिहिलेले असावे.

हस्तांतरण

शेडची खरी परीक्षा पहिल्या मोठ्या पावसात होते. गळती बहुधा रिज (छताचा माथा), गटरचे सांधे आणि तिरपे बसलेले स्क्रू इथे सापडते. त्यासाठी दोन-तीन माणसांची वेगळी दुरुस्ती टोळी राखून ठेवतात, नाहीतर चालू साइटवरची माणसे काढून पाठवावी लागतात. छतावर स्क्रू मारताना पडलेला लोखंडाचा बारीक कीस त्याच संध्याकाळी झाडून काढायचा असतो. तो राहिला तर पहिल्या सरीनंतर नव्या पत्र्यावर तांबूस ठिपके उमटतात.