हिपॅटायटिस सी फक्त लिव्हरचा आजार? नाही हो!

नागपुरात इतवारीत विचारा नाहीतर हिंगण्यात, हिपॅटायटिस सी म्हणजे लिव्हरचं दुखणं, हार्टशी त्याचा काय संबंध, हेच ऐकू येतं. तसं नाहीये. हा व्हायरस वर्षानुवर्षं अंगात राहिला की आतल्या आत सूज धुमसत राहते, इन्सुलिन नीट काम करत नाही, शुगर वाढते, रक्तवाहिन्यांत चरबी जमते अन् हार्ट अटॅक, स्ट्रोकचा धोका वाढतो. सगळ्यात फसवा असतो तो कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट! व्हायरस लिव्हरचं चरबीचं कामच बिघडवतो म्हणून एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) बरेचदा कमी येतो, अन् घरचे म्हणतात, बाबा, तुमचं हार्ट एकदम फिट. कृपा करून त्या एका आकड्यावर बीपी-शुगरची तपासणी सोडू नका. (हिपॅटायटिस बी अन् हार्टच्या संबंधाबद्दलचे पुरावे मात्र उलटसुलट आहेत, दोन्ही एका माळेत ओवू नका.)

हिपॅटायटिस सी हा 8 ते 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी 95 टक्क्यांहून जास्त लोकांचा बरा होतो, 2018 पासूनच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात उपचार फुकट आहे, आणि बरं झाल्यावर हार्टचा धोकाही कमी होतो. फक्त अमायोडॅरोन (हार्टचे ठोके नियमित ठेवायची गोळी) चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, हिपॅटायटिस सीच्या गोळ्यांतल्या सोफोसबुविर या औषधासोबत नाडी जीवघेणी मंदावू शकते.