उताऱ्यावरचं नाव आणि जमिनीची मालकी

चोपड्यापासून शहाद्यापर्यंत कुठल्याही तहसील कचेरीबाहेर थोडा वेळ थांबा, एक वाक्य हमखास कानावर येतं: "उतारा माझ्या नावावर आहे, आता कोण काय करणार?" ते ऐकलं की जीव तुटतो, कारण याच भरवशावर लोक वर्षानुवर्षं चुकीच्या दारात चपला झिजवतात. सातबारा उताऱ्यावर नाव असणं वेगळं आणि जमिनीचा मालक असणं वेगळं. बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही एकाच माणसाकडे असतात, म्हणून फरक जाणवत नाही. एकाच वावरावर दोघे उभे राहिले की मग जाणवतो.

सातबारा कसा वाचायचा हे खान्देशातल्या शेतकऱ्याला शिकवायला नको, ते सोडून देतो. साठेखत आणि खरेदीखत यांतला फरकही एका ओळीचा आहे: साठेखत हा पुढे विकण्याचा करार, त्यानं मालकी जात नाही. नुसत्या करारावर आणि मुखत्यारपत्रावर जमीन विकली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे. बांध सरकल्याची भांडणं बहुतेक मोजणीची असतात. भूमी अभिलेख कार्यालयात फी भरून मोजणी मागवा, त्यासाठी मालकीचा दावा लावू नका.

लोक खरे अडकतात ते फेरफारात, म्हणजे उताऱ्यावरचं नाव बदलण्याच्या नोंदीत. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे दस्त नोंदणीच्या कार्यालयात, नोंदलं की त्याची माहिती ई-फेरफार प्रणालीत जाते. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, नोंद धरतात, नोटीस काढतात, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. या साखळीत विकणाऱ्याकडे मुळात हक्क होता का, त्यानं हीच जमीन आधी कुणाला दिली होती का, याचा निवाडा कुणी करत नाही. तो त्यांचा अधिकारच नाही. सारा कुणाकडून घ्यायचा आणि कागदोपत्री कब्जा कुणाचा, एवढ्यासाठी ही नोंद आहे. फेरफारानं हक्क निर्माणही होत नाही आणि संपतही नाही, असं सर्वोच्च न्यायालय 1996 च्या सावर्णी विरुद्ध इंदर कौर या निकालापासून सांगत आलं आहे. 2021 मध्ये जितेंद्र सिंह प्रकरणातही तेच सांगितलं. डिजिटल सहीचा उतारा आला म्हणून यात काही बदललेलं नाही. ती सही उतारा अस्सल असल्याची आहे, मालकी अस्सल असल्याची नाही.

आता एकाच जमिनीची दोन खरेदीखतं झाली असं धरा. रावेरकडचा केळीचा दोन एकर मळा. मालकानं तो मार्चमध्ये नानांना विकला. पैसे दिले, खरेदीखत नोंदलं, पण फेरफार हरकतीत अडकला आणि उताऱ्यावर जुनंच नाव राहिलं. त्याचा फायदा घेऊन त्याच माणसानं नोव्हेंबरमध्ये तोच मळा आबांना विकला. आबांचा फेरफार बिनहरकत मंजूर झाला. आज उतारा आबांच्या नावावर आहे आणि विकणाऱ्याचं नाव कंसात गेलं आहे. मालक कोण?

नाना. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चं कलम 48 सांगतं की आधी निर्माण झालेल्या हक्काला नंतरचा हक्क मागे टाकू शकत नाही. मार्चमध्ये मळा गेल्यावर नोव्हेंबरमध्ये विकणाऱ्याकडे द्यायला काही उरलंच नव्हतं. आबांचा दस्तही नोंदणीकृत आहे, पण दुय्यम निबंधक मालकीची शहानिशा करून दस्त नोंदवत नाहीत. दस्त विकणाऱ्याच्या हक्काएवढाच भक्कम असतो.

इथे आणखी एक बारकावा आहे आणि तो जाणत्या माणसांनाही चकवतो. दोन दस्तांत आधीचा कोणता, हे नोंदणीच्या तारखेवर ठरत नाही. नोंदणी कायदा 1908 च्या कलम 47 प्रमाणे दस्त एकदा नोंदला की तो सही झाल्या दिवसापासून लागू धरतात. सहीनंतर दस्त नोंदणीसाठी हजर करायला साधारण चार महिने मिळतात. म्हणजे 5 मार्चला सही होऊन जूनमध्ये नोंदलेलं खरेदीखत एप्रिलमध्ये सही होऊन एप्रिलमध्येच नोंदलेल्या खरेदीखताला मागे सारतं. म्हणून जमीन घेताना फक्त उतारा काढून थांबणारा माणूस पाहिला की राग येतो. सूची क्रमांक 2, म्हणजे दुय्यम निबंधकाकडची नोंदलेल्या दस्तांची यादी, तिचा तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या. आबांनी तो घेतला असता तर मार्चचा दस्त डोळ्यांसमोर आला असता. आता मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 41 चा आधार घेऊन "मी प्रामाणिक खरेदीदार" म्हणायचं तर खऱ्या मालकाच्या संमतीनंच दुसरा मालक म्हणून वावरत होता आणि आपण पुरेशी चौकशी केली होती, दोन्ही दाखवावं लागतं. नोंदलेला दस्त शोधलाच नाही, तर ते अवघड आहे.

मग उताऱ्याला किंमत नाही का? आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 157 नुसार उलट सिद्ध होईपर्यंत प्रमाणित नोंद खरी मानतात. म्हणजे आबांविरुद्ध पुरावा आणण्याचं ओझं नानांवर येतं. नानांनी खरेदीखत पुढे ठेवलं की त्या गृहीताला उत्तर मिळतं.

भाऊबंदकीत हाच घोळ वेगळ्या रूपात येतो. जुन्या उताऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे "ए.कु.मॅ." लिहिलेलं असतं, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून. ते नाव सगळ्यांच्या वतीनं लागलेलं असतं. तरी ती जमीन एकट्या दादांची समजून खरेदी होते आणि पुढे धाकटे भाऊ, बहिणी वाटपाचा दावा लावतात. बहिणीचं नाव उताऱ्यावर नाही म्हणून तिचा हिस्सा बुडाला, हे मी कुणाकडूनही ऐकून घेणार नाही. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे.

नंदुरबार, साक्री, शिरपूर आणि सातपुड्याच्या पायथ्याला आणखी एक गोष्ट आधी पाहा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, संहितेचं कलम 36-अ तसं सांगतं. परवानगी नसेल तर उताऱ्यावर लागलेल्या नावानं तो व्यवहार वैध होत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते दार चुकल्यानं. फेरफाराविरुद्ध प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, मग जिल्हाधिकारी, मग नाशिकला विभागीय आयुक्त. वर्षं जातात आणि शेवटी आदेशात येतं की मालकीचा प्रश्न दिवाणी न्यायालयात सोडवावा. दरम्यान हक्क जाहीर करून मागण्याची तीन वर्षांची मुदत चालूच असते. महसुलात गेलेला काळ दिवाणी न्यायालय वजा करीलच असं धरून चालू नका. नोंदीतली चूक महसुलात दुरुस्त करून घ्या, पण मालकीवर कुणी बोट ठेवलं तर त्याच महिन्यात दिवाणी वकील गाठा.

दावा लावतानाही नुसती मनाई, म्हणजे समोरच्याला अडवणारा कोर्टाचा हुकूम, मागू नका. समोरच्याकडे त्याच गटाचं खरेदीखत असेल तर मालकीवर सावट आहे, आणि अशा वेळी फक्त मनाईचा दावा पुरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये अनथुला सुधाकर प्रकरणात सांगितलं आहे. मालकी जाहीर करून मागा, कब्जा गेला असेल तर कब्जा मागा, सोबत मनाई मागा. दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, म्हणजे आबांकडून तोच मळा तिसऱ्यानं घेतला तरी त्यालाही त्या निकालानंच बांधून घेता येतं.