खुंटी, गुट्टी, प्लग: भिंत स्क्रू धरायला लागली त्यामागची गोष्ट

नव्या घरात सामान लागलं की पहिल्या आठवड्यातच ड्रिल मशीन लागतं. देव्हारा, घड्याळ, पडद्यांचे रॉड, आरसा, गीझर. मिस्त्री आधी बोटाच्या पेराने भिंत वाजवून बघतो, मग भोक पाडतो, त्यात प्लास्टिकची बोटाच्या पेराएवढी नळी हातोडीने बसवतो आणि तिच्यात स्क्रू पिळतो. या नळीला कुणी गिट्टी म्हणतं, कुणी रॉल प्लग, कुणी नुसतंच प्लग. मूठभर घेतल्या तरी चहाच्या पैशांत येतात. पण घरातल्या निम्म्या जड वस्तू या नळ्यांच्या जिवावर भिंतीला लटकलेल्या असतात, आणि ही नळी इथवर पोचायला बराच काळ गेला आहे.

लाकडात स्क्रू सरळ बसतो, कारण लाकूड तंतूंचं असतं. स्क्रूचे आटे तंतूंना बाजूला सारून आत शिरतात आणि तेच तंतू उलट दाब देऊन स्क्रूला आवळतात. विटेला, दगडाला, सिमेंटला असे तंतू नाहीत. तिथे आट्यांखाली नुसती भुकटी होते आणि स्क्रू गोल गोल फिरत राहतो. म्हणून भिंत आणि स्क्रू यांच्यामध्ये काहीतरी दबणारं आणि दाब परत देणारं लागतं.

वाड्यांच्या काळात हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटलेला होता. भिंत बांधतानाच तिच्यात लाकडाची खुंटी चिणली जायची. बाहेर दिसायची वीतभर, आत शेपूट लांब. जाड भिंतीत ती दगड-विटांच्या ओझ्याखाली दाबली जायची आणि पिढ्यान्‌पिढ्या हलायची नाही. पागोटं, कंदील, पखवाज, जे काही टांगायचं ते खुंटीला. मात्र एकदा घर बांधून झालं की खुंटीची जागा ठरलेली. सामान खुंटीपाशी जायचं, खुंटी सामानापाशी यायची नाही. उरलेल्या वस्तू कोनाड्यात, दिवळीत, फडताळात. भिंतीला नंतर भोक पाडावं असं कुणाच्या मनात फारसं येतच नसे, कारण भिंतीतच सोय केलेली होती.

पकड कशी बसते याचं ज्ञान मात्र घराघरात होतं, आणि त्याचं नाव पाचर. जात्याचा खुंटा ढिला झाला की चिंधी गुंडाळून किंवा लाकडाची पातळ चीप घालून तो पुन्हा ठोकायचा. कुऱ्हाडीचा दांडा निसटायला लागला की टोकात पाचर मारायची आणि रात्रभर पाण्यात घालून ठेवायची. लाकूड फुगतं आणि दांडा गच्च होतो. खुंटा हलवून बळकट करणे हा वाक्प्रचार याच कामाची आठवण करून देतो. पुढे आलेल्या सगळ्या प्लगांचं मूळ या पाचरीत आहे, असं मला वाटतं.

भिंतीला मागाहून भोकं पाडायची गरज खऱ्या अर्थाने आणली ती विजेने. मुंबईत वीज पुरवणारी आणि ट्रॅम चालवणारी कंपनी १९०५ मध्ये स्थापन झाली. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली. घरं आधीची, वीज नंतरची. वायर, बटणं, दिव्याचे होल्डर हे सगळं उभ्या भिंतीवर बसवायचं होतं. त्यासाठी लाकडी पट्ट्या आल्या, त्या पट्ट्यांवर पितळी क्लिपांनी वायर बांधली जाई, आणि पट्टी भिंतीला धरून ठेवायला आली सागाची गुट्टी, म्हणजे भिंतीत चिणायचा लाकडाचा छोटा ठोकळा.

आमच्या जुन्या घराचं वायरिंग बदलताना अशी एक गुट्टी मी स्वतः उकरून काढली. छिन्नीने चारी बाजूंचं सिमेंट फोडावं लागलं. हातात आल्यावर कळलं की ती चौकोनी होती, पण सरळ नव्हती. भिंतीच्या तोंडाशी असलेली बाजू अरुंद, आतली रुंद. म्हणजे पाचरीच्या नेमकी उलट. भिंतीत आत रुंद खड्डा करायचा, गुट्टीचं जाड टोक आत घालायचं आणि भोवती सिमेंट भरायचं. सिमेंट घट्ट झालं की बाहेर ओढली तर ती अडते, कारण जाड बाजूला बाहेर यायला वाटच नसते. ज्या कुणी सुताराने फळीच्या तुकड्यातून हा आकार काढला, त्याच्या हिशेबीपणाचं मला फार कौतुक वाटलं. अशा शेकडो गुट्ट्या त्याने एका चाळीसाठी कापल्या असतील.

पण गुट्टीला तीन खोडी होत्या. खड्डा मोठा, म्हणजे गिलावा पुन्हा करायचा. सिमेंट वाळेपर्यंत थांबायचं. आणि लाकूड सुकलं की आकसतं, ओल धरलं की कुजतं, आणि साग नसेल तर वाळवीला ते हवंच असतं.

लंडनमध्येही अडचण हीच होती. ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणं भिंतीवर बसवायची होती, पण भिंतींची नासधूस दिसायला नको होती. जॉन जोसेफ रॉलिंग्स यांच्याकडे ते काम होतं. मोठा खड्डा करून लाकूड चिणण्याऐवजी त्यांनी १९११ च्या सुमारास तागाच्या तंतूंची छोटी नळी केली आणि तंतू एकमेकांना चिकटावेत म्हणून जनावरांचं रक्त वापरलं. भोक नळीच्या मापाचं, नळीत स्क्रू गेला की तंतू दाबले जाऊन भोकाच्या भिंतीला घट्ट भिडायचे. म्हणजे लाकडातले तंतू जे काम करतात तेच काम दगडाच्या पोटात करून घेतलं. रॉलिंग्स यांच्या नावावरूनच रॉल प्लग हा शब्द आला, आणि आपल्या हार्डवेअरच्या दुकानात तो अजून चालतो. ताग म्हणजे त्या काळी प्रामुख्याने बंगालचं पीक, हेही इथे लक्षात ठेवण्यासारखं.

भोक पाडायचं काम मात्र हातानेच होतं. टोकदार हत्याराच्या डोक्यावर हातोडीचा घाव घालायचा, हत्यार थोडं फिरवायचं, पुन्हा घाव. फिरवलं नाही तर ते अडकतं आणि भोक गोल होत नाही. विजेच्या ड्रिलचं पेटंट १८८९ मध्ये मेलबर्नमध्ये अर्नॉट आणि ब्रेन यांनी घेतलं होतं, पण ते जड आणि एका जागेचं यंत्र होतं. १८९५ मध्ये श्टुटगार्टच्या फाइन यांनी उचलून नेता येईल असं ड्रिल केलं. आज आपण धरतो तो पिस्तुलासारखा आकार आणि बोटाखालचं बटण यांचं पेटंट ब्लॅक अँड डेकर या अमेरिकन कंपनीला १९१७ मध्ये मिळालं, आणि घरगुती वापरासाठीची ड्रिलं त्यांनी १९४६ मध्ये बाजारात आणली. घाव आणि फिरवणं हे दोन्ही एकाच यंत्रात आणायचं काम बॉश या जर्मन कंपनीच्या १९३२ च्या हॅमरने केलं. काँक्रीटपुढे साध्या पोलादाचं टोक मात्र लगेच बोथट व्हायचं. त्यावर उत्तर टंगस्टन कार्बाइड. जर्मनीतल्या क्रुप कंपनीने १९२६ मध्ये ते विडिया नावाने विकायला काढलं. हिऱ्यासारखं या अर्थाच्या जर्मन शब्दांचं ते लहान रूप. आपल्याकडे लेथवर काम करणारे आजही विडियाचं टूल म्हणतात. ड्रिलच्या बिटाच्या टोकाशी डाग दिलेला करडा तुकडा दिसतो, तो या जातीचाच.

याच काळात आपल्या भिंतीही बदलत होत्या. १९३० च्या दशकात मरीन ड्राइव्हवर काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या आणि १९३६ मध्ये दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली. भिंत सडपातळ झाली. खुंटीच्या लांब शेपटीला आता आत जागाच उरली नाही.

आज वापरतो त्या प्लगचं श्रेय आर्टुर फिशर यांचं. ते जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट भागातल्या टुमलिंगेन गावच्या शिंप्याचा मुलगा. श्टुटगार्टला लोखंडकामाची उमेदवारी केली आणि १९४८ मध्ये स्वतःचा कारखाना काढला. आपल्या लहान मुलीचा फोटो नीट निघेना म्हणून त्यांनी कॅमेऱ्याच्या बटणाबरोबर पेटणारा फ्लॅश तयार केला होता. १९५८ मध्ये त्यांनी नायलॉनचा प्लग आणला. तो मधून उभा चिरलेला असतो. स्क्रू आत शिरला की दोन्ही पाकळ्या फाकतात आणि भोकाच्या बाजूंना रेटतात. अंगावर दाते असतात म्हणून तो मागे येत नाही, आणि दोन छोट्या जिभा असतात म्हणून स्क्रूबरोबर फिरत नाही. नायलॉन कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, भोवती सिमेंट भरायला नको. फिशर यांच्या नावावर अकराशेहून अधिक पेटंटं होती. २०१६ मध्ये, ९६ व्या वर्षी ते गेले.

इतका चांगला प्लग असूनही फळी पडते, माझीही पडली आहे. पुस्तकांची फळी होती. स्क्रू सरळ, प्लग नवा, पण प्लगची अर्धीअधिक लांबी गिलाव्यातच राहिली होती. गिलावा म्हणजे भिंतीचा अंगरखा, त्यावर वजन टाकायचं नसतं. प्लग गिलावा ओलांडून विटेत पूर्ण गेला पाहिजे, आणि भोकातली भुकटी फुंकून काढली पाहिजे, नाहीतर तो तिच्यावरच अडून बसतो.

आता भिंत पुन्हा बदलली आहे. नव्या इमारतींत विटेच्या जागी हलके पांढरे ब्लॉक आले आहेत. आपल्याकडे त्यांना सर्रास सिपोरेक्स म्हणतात. हे नाव स्वीडनचं, आणि तिकडच्या तंत्राने पुण्यात हे ब्लॉक १९७० च्या दशकापासून बनू लागले. आत हवेचे असंख्य बुडबुडे असल्याने सुका ब्लॉक पाण्यावर तरंगतो. साहजिकच, साधा प्लग फाकला की भोवतालचा ब्लॉकच चुरतो. अशा भिंतीत ड्रिलचा हॅमर बंद करून नुसतं फिरवून भोक पाडायचं, बिट प्लगपेक्षा किंचित लहान घ्यायचं आणि लांब, मळसूत्री पात्यांचा प्लग वापरायचा.

गीझरसारख्या जड वस्तूसाठी आमच्या मजल्यावर काम करणाऱ्या मिस्त्रीने वेगळंच केलं. त्याने छिन्नीने ब्लॉकमध्ये तोंडाशी लहान आणि आत रुंद असा खड्डा कोरला, तो पाण्याने भिजवला, सिमेंटने भरला आणि त्यात बोल्ट उभा करून दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. मी घरात जाऊन ती उकरून काढलेली सागाची गुट्टी आणली आणि त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "हाच आकार की."