अधिवेशनोत्तर कार्यअहवाल

अधिवेशनोत्तर कार्यअहवाल : विधिमंडळाचे अधिवेशन संपल्यावर आमदाराने आपल्या मतदारांपुढे ठेवलेला कामाचा हिशेब. कोणी त्याला लेखाजोखा म्हणतो, कोणी नुसताच ‘अहवाल’. छापील पुस्तिका, घडीचे पत्रक, सोसायटीच्या सभागृहातली बैठक, मोबाइलवर फिरणारी चित्रफीत, यांपैकी कोणत्याही रूपात तो येतो. असा अहवाल देण्याचे बंधन संविधानाने घातलेले नाही आणि न देणाऱ्या आमदाराला मुदतीआधी परत बोलावण्याची सोय मतदारांकडे नाही. लोक विचारतात म्हणून प्रथा टिकली आहे. पुण्यात लोक जरा जास्तच विचारतात.

अधिवेशन सुरळीत पार पडले तर हा अहवाल बहुधा कंटाळवाणा होतो. गोंधळात वाहून गेलेल्या अधिवेशनानंतरचा अहवाल मात्र वाचण्याजोगा असतो, कारण त्यात न झालेल्या कामाचा हिशेब द्यायचा असतो. प्रस्तुत नोंद मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत. पुणे जिल्ह्याच्या वाट्याला विधानसभेचे २१ मतदारसंघ येतात. शिवाय विधान परिषदेचे पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक हे दोन मतदारसंघ पुण्यासह सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांत पसरलेले आहेत. कोथरूडच्या आमदाराला एका संध्याकाळी चार बैठका उरकता येतात. पदवीधरांच्या आमदाराला ते जमत नाही, म्हणून तो छापील पत्रकावर भागवतो.

वर्षाला तीन अधिवेशने होतात. अर्थसंकल्पीय व पावसाळी ही मुंबईत, तर हिवाळी नागपुरात, १९५३ च्या नागपूर कराराला धरून. मुंबईला सकाळच्या गाडीने जाऊन, पास काढून, गॅलरीत बसून येणारे हौशी पुणेकर अजून आहेत. नागपूर सातशे किलोमीटरवर असल्याने हिवाळी अधिवेशनाबाबत मतदाराला आमदाराच्या सांगण्यावरच विसंबावे लागते.

प्रतिनिधीने कोणाच्या वतीने बोलायचे हा प्रश्न या शहराला नवा नाही. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेत सभासद व्हायचे तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. पुढे १८९९ मध्ये मुंबई कायदेमंडळावर गेलेले गोपाळ कृष्ण गोखले १९०१ मध्ये जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीला विरोध करत फिरोजशहा मेहता यांच्यासह सभागृहातून बाहेर पडले. सभात्याग हे हत्यार निदान एवढे जुने आहे.

अधिवेशन अडते कसे

गणपूर्तीसाठी, म्हणजे कामकाज चालवायला लागणाऱ्या किमान उपस्थितीसाठी, एकूण सदस्यांच्या एक दशांश, म्हणजे विधानसभेत २९ जण पुरतात. त्यामुळे सदस्यांअभावी कामकाज अडल्याचे प्रसंग कमी, गोंगाटापायी अडल्याचे फार. फलक निघतात, घोषणा सुरू होतात, काही सदस्य अध्यक्षांच्या आसनापुढे जमतात. मग दहा मिनिटांची तहकुबी, मग अर्ध्या तासाची, शेवटी दिवसभराची. बाहेर पायऱ्यांवर आंदोलन चालू असते आणि दूरचित्रवाणीला तेवढेच दिसते. मार्च २०१७ मध्ये अर्थसंकल्पाच्या वेळच्या गोंधळाबद्दल विरोधी पक्षांचे १९ आमदार निलंबित झाले. जुलै २०२१ मध्ये १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केले गेले. चालू अधिवेशनापलीकडचे ते निलंबन सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये रद्द ठरवले. या काळात त्या बारा मतदारसंघांतून सभागृहात कोणी नव्हते, ही बाब न्यायालयापुढेही आली होती.

करोनाकाळातले आकुंचन वेगळ्या जातीचे. सप्टेंबर २०२० चे पावसाळी अधिवेशन दोन दिवसांत आटोपले, डिसेंबरचे हिवाळीही दोनच दिवसांचे आणि तेही मुंबईत.

काय बुडते, काय उरते

गोंधळात सगळे बुडाले हे खरे नाही. विधेयक प्रलंबित असताना अधिवेशन संस्थगित झाले, म्हणजे अधिकृतपणे संपवले गेले, तरी ते विधेयक बाद होत नाही (अनुच्छेद १९६). पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाचे प्रस्ताव, तर गोंधळातच, कधी चर्चेविना, मंजूर होतात. ज्यासाठी सभागृह खरे लागते ते, म्हणजे उलटतपासणी, तेवढी जाते. प्रश्नोत्तराचा तास पहिला बळी जातो. मंत्र्याने उत्तर दिल्यावर ‘तारीख सांगा’ असा उपप्रश्न टाकायची संधी गेली की गेलीच.

म्हणूनच अहवालात क्रियापदे नीट वाचावी लागतात. लक्षवेधी म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी सूचना. ‘लक्षवेधी दिली’ म्हणजे ती कार्यालयात पोहोचली, एवढेच. ‘लक्षवेधी लागली’ म्हणजे ती कामकाज पत्रिकेवर आली. ‘चर्चेला आली’ म्हणजे मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागले. या तीन पायऱ्यांमध्ये कितीतरी सूचना गळतात आणि अहवालात तिन्हींना सरसकट ‘आवाज उठवला’ असे म्हटलेले सापडते. प्रश्न किती मांडले याची संख्या मोठ्या टाइपात छापलेली असेल तर त्यांतले लागले किती, हे बैठकीत विचारावे.

अशा अहवालातला सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे लेखी उत्तर. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचे तोंडी उत्तर मागितलेले असते तो, सभागृहात पुकारला गेला नाही तरी त्याचे छापील उत्तर मिळू शकते. त्याची भाषा ठरीव आहे. प्रश्न असा : ‘(१) अमुक ओढ्याच्या पात्रात अतिक्रमण झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? (२) असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तर असे : ‘(१) हे अंशतः खरे आहे. (२) कार्यवाही सुरू आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही.’ ‘अंशतः’ या एका शब्दावर पुढची तीन वर्षे पत्रव्यवहार चालतो. तरीही त्या उत्तराखाली मंत्र्याचे नाव असते, आणि भाषणाच्या चित्रफितीपेक्षा त्याचा उपयोग महापालिकेच्या दारात जास्त होतो.

पुण्यातली बैठक

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला आणि काठावरच्या सोसायट्यांच्या भिंती कोसळल्या. भिंत सोसायटीच्या मालकीची, ओढा सार्वजनिक, मग पुन्हा बांधायचा खर्च कोणी करायचा, हा वाद दक्षिण पुण्यात वर्षानुवर्षे घोळला. अशा भागातली बैठक साधारण सारखीच असते. प्लास्टिकच्या खुर्च्या, कागदी कपात चहा, पहिल्या रांगेत ज्येष्ठ नागरिक आणि त्यांच्यातल्या एकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले वर्तमानपत्राचे कात्रण. आमदार साहेब विरोधकांनी, किंवा सत्ताधाऱ्यांनी, कामकाज कसे होऊ दिले नाही ते सांगू लागतात. दहाव्या मिनिटाला कात्रणवाले आजोबा उठतात : ‘साहेब, ते राहू द्या. भिंतीचं काय झालं?’

१५ मार्च २०२२ पासून पुणे महापालिकेवर प्रशासक आला आणि निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. या जवळपास चार वर्षांत नगरसेवक नसल्यामुळे ड्रेनेज, कचरा, पथदिवे हे सगळे आमदाराच्या बैठकीत येऊन पडले. त्या काळातले अहवाल चाळले तर विधिमंडळ कमी आणि प्रभाग जास्त दिसतो. यात आमदारांचीही सोय होती : सभागृहात काही झाले नाही तरी गल्लीतला काँक्रीटचा रस्ता दाखवता येतो. आमदाराला मतदारसंघातल्या कामांसाठी मिळणारा स्थानिक विकास निधी मार्च २०२२ च्या अर्थसंकल्पात वर्षाला पाच कोटींवर नेण्यात आल्यापासून अशी पाने वाढली आहेत. कायदे करण्यासाठी निवडलेल्या माणसाचा अहवाल पेव्हर ब्लॉकच्या छायाचित्रांनी भरावा, हे प्रस्तुत लेखकाला तरी पटत नाही.

कधी मात्र सभागृहाबाहेरच काम होते. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना पुण्यात १९७० पासून मिळणारी मिळकतकरातील ४० टक्के सवलत मध्यंतरी बंद झाली होती. ती पुन्हा लागू करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये घेतला. त्याचे श्रेय घेणारे फलक शहरात एकाहून अधिक पक्षांचे लागले, हे सांगायला नकोच.

कायदेशीर बाजू

सभागृहातल्या भाषणासाठी आमदारावर खटला भरता येत नाही (अनुच्छेद १९४). तेच शब्द पत्रकात छापले तर हे कवच तसेच मिळत नाही. पश्चिम बंगालमधील एका आमदाराने विधानसभेत नाकारले गेलेले आपले प्रश्न स्थानिक नियतकालिकात छापले, तेव्हा त्याला विशेषाधिकाराचे पूर्ण संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये सांगितले. अडलेल्या अधिवेशनानंतर ‘विचारू न दिलेले प्रश्न’ छापण्याचा मोह मोठा असतो. त्यात एखाद्या अधिकाऱ्याचे नाव असेल तर तो महागात पडू शकतो. अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकलेल्या शब्दांबाबतही हीच काळजी घ्यावी लागते.

अहवालानंतर

सभागृहात न बोलता आलेले मुद्दे पुण्यात पुष्कळदा जिल्हा नियोजन समितीपुढे जातात. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली या समितीची बैठक बहुतेक वेळा विभागीय आयुक्त कार्यालयाच्या आवारातील कौन्सिल हॉलमध्ये होते. ब्रिटिश काळात पावसाळा आला की मुंबई प्रांताचे सरकार पुण्याला हलायचे आणि कायदेमंडळाच्या बैठकाही इथेच भरायच्या. आवाराला आजही विधान भवन म्हणतात.