थँक्सगिव्हिंगच्या टर्कीबरोबरची वाईन

थँक्सगिव्हिंग हा अमेरिकेतला नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचा सण. १८६३ मध्ये अब्राहम लिंकनने तो राष्ट्रीय दिवस म्हणून जाहीर केला तेव्हा महिन्याचा शेवटचा गुरुवार ठरला होता, चौथा गुरुवार १९४१ च्या कायद्याने पक्का झाला. त्या दिवशी घरोघरी अख्खी टर्की ओव्हनमध्ये भाजतात, आणि तिच्यासोबत कुठली वाईन उघडायची हा प्रश्न दरवर्षी नव्याने पडतो.

याचं उत्तर टर्कीत शोधायला गेलं की चुकतं. टर्कीचं मांस चवीला सौम्य असतं, ते कुठल्याही वाईनशी फारसं भांडत नाही. भांडतं ते बाकीचं ताट. फ्रेंच पद्धतीच्या जेवणात एकेक पदार्थ येतो आणि त्याच्यासोबत त्याची वाईन येते, पण थँक्सगिव्हिंगचं ताट आपल्या सणाच्या ताटासारखं असतं, सगळं एकदम वाढलेलं. क्रॅनबेरीचा आंबटगोड सॉस, सेज नावाची सुगंधी पानं घातलेलं ब्रेडचं स्टफिंग, टर्कीच्याच रसाची खारट ग्रेव्ही, बटर घातलेले मॅश्ड बटाटे, आणि वर मार्शमेलो घालून भाजलेली रताळी, जी आपल्याला सरळ गोडाचा पदार्थच वाटतील. एका घासात यातलं तीन-चार गोष्टींचं काहीतरी येतंच, त्यामुळे वाईन निवडायची ती अख्ख्या ताटासाठी.

पहिली गोष्ट तुरटपणाची. रेड वाईनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून टॅनिन उतरतं, ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं आणि जांभळं खाल्ल्यावर होते तशी जीभ ओढल्यासारखी होते. चरबीदार स्टेक किंवा मटणाबरोबर हे छान जमतं. टर्कीच्या छातीच्या मांसात मात्र चरबी जवळजवळ नसतेच, जरा जास्त भाजलं की ते कोरडं पडतं. शंका असेल तर करून बघा: छातीची एक फोड ग्रेव्हीशिवाय चावा आणि वर कॅबरने सोव्हिन्यों या भरपूर टॅनिनच्या रेडचा एक घोट घ्या, घास तोंडात फिरत राहतो, गिळायला पाणी लागतं. तीच फोड गामे द्राक्षाच्या हलक्या रेडबरोबर खाल्ली तर मांस रसाळ वाटायला लागतं. म्हणून घरातली सगळ्यात महागडी, जाड कॅबरने या दिवशी काढू नये असं माझं ठाम मत आहे, ती वाईनही वाया जाते आणि टर्कीही.

दुसरी गोष्ट गोडाची. लाडू खाऊन चहा प्यायला की चहात साखरच नाही असं वाटतं ना, तसंच रताळं आणि क्रॅनबेरी सॉस खाऊन एकदम कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, वाईन प्यायली की ती आंबट आणि पातळ लागते. वाईनमध्ये थोडा गोडवा हवा आणि आंबटपणाही भरपूर हवा, कारण क्रॅनबेरीपुढे कमी आंबट वाईन अगदी मिळमिळीत होते.

या दोन्ही अटी सगळ्यात चांगल्या पाळते ती रीसलिंग, याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाईन. जर्मनीच्या मोझेल खोऱ्यातली काबिनेट दर्जाची रीसलिंग थोडी गोड, लख्ख आंबट आणि अल्कोहोलला हलकी असते. न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स भागातही उत्तम रीसलिंग होते. फक्त एकच बाटली घ्यायची असेल तर मी हीच घेईन. स्टफिंगमध्ये मसाला जास्त असेल तर फ्रान्सच्या अल्सासची गेवुर्त्सट्रामिनरही चालते, तिला गुलाब आणि लिचीसारखा वास असतो, पण तो सगळ्यांनाच आवडत नाही.

रेडमध्ये पहिलं नाव पिनो न्वार, विशेषतः ओरेगनच्या विलामेट खोऱ्यातली. टॅनिन कमी, आंबटपणा चांगला, आणि मातीचा-मशरूमचा वास सेजच्या स्टफिंगशी जुळतो. दुसरं बोजोले, म्हणजे फ्रान्सच्या त्या भागातली गामे द्राक्षाची रेड. तिथली बोजोले नूव्हो ही ताजी वाईन नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या बरोबर एक आठवडा आधी, त्यामुळे त्या दिवसांत अमेरिकेतल्या दुकानांत ती दारातच रचलेली दिसते. तिच्यासाठी द्राक्षं न चिरडता अख्खे घोस कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या बंद टाकीत ठेवतात, आंबण्याची सुरुवात द्राक्षाच्या आतच होते आणि टॅनिन फार उतरत नाही. नूव्हो मजेची आहे, पण थोडे जास्त पैसे घालून मोर्गों किंवा फ्लरी या गावांच्या नावाची बोजोले घेतली तर जेवण खरंच वरच्या पातळीवर जातं.

झिनफँडेल या तिसऱ्या रेडची बाजू भावनेची आहे. अमेरिकन सणाला अमेरिकन वाईन, असं म्हणून बरेच लोक कॅलिफोर्नियाची झिनफँडेल उघडतात, खरं तर हे द्राक्ष मूळचं क्रोएशियाचं, २००१ मध्ये डीएनए तपासणीतून ते पक्कं झालं. पिकल्या फळांची चव क्रॅनबेरीशी आणि तंगडीच्या गडद मांसाशी जमते, धुरावर भाजलेल्या टर्कीशी तर फारच, फक्त अल्कोहोल १५ टक्क्यांपर्यंत जातो आणि जेवण दुपारी सुरू होऊन संध्याकाळपर्यंत चालतं हे लक्षात ठेवावं.

न्यू जर्सी, कॅलिफोर्नियातला बे एरिया वगैरे भागांतल्या मराठी घरांमध्ये चार दिवसांच्या सुट्टीत मित्रमंडळी जमतात तेव्हा टर्कीला बऱ्याचदा दही, आलं-लसूण आणि तिखट लागलेलं असतं. अशा वेळी जास्त अल्कोहोलची वाईन टाळा, तिने तिखट आणखी झोंबतं. इथे गोडसर रीसलिंग किंवा शेनिन ब्लां ही दुसरी पांढरी वाईन. भारतात कोणी नाताळला टर्की किंवा अख्खी कोंबडी भाजत असेल तर नाशिकची शेनिन ब्लां सहज मिळते आणि या ताटाला छान बसते.

हिशेब सोपा आहे, ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात, दोन पिणाऱ्यांमागे एक बाटली धरली की पुरते. दहा जणांना दोन रीसलिंग, दोन पिनो आणि पाहुणे येताना हातात द्यायला एक फेसाळ, स्पेनची कावा वगैरे. न पिणाऱ्यांसाठी फेसाळ सफरचंदाचा रस ठेवाच, तोही तशाच ग्लासात. हलकी रेड जेवणाआधी अर्धा तास फ्रिजमध्ये घालावी, हीटर लावलेल्या घरात ती कोमट होऊन बसते. पम्पकिन पायला मात्र वेगळी गोड वाईन लागते, पोर्तुगालची टॉनी पोर्ट चांगली, रीसलिंग तिथे हरते.

उरलेल्या बाटल्यांना बूच लावून फ्रिजमध्ये ठेवलं तर दोन-तीन दिवस टिकतात. शुक्रवारच्या सँडविचमध्ये थंड टर्की आणि क्रॅनबेरी सॉस असतोच, त्याच्यासोबत आदल्या दिवशीची रीसलिंग काढावी.