ग्रीनची पवनचक्की, स्नेंटन

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहराच्या पूर्वेला, स्नेंटनच्या टेकडीवर उभी असलेली विटांची पवनचक्की. जॉर्ज ग्रीन नावाच्या एका पाववाल्याने ती १८०७ मध्ये बांधून घेतली. पुढे ती त्याच नावाच्या त्याच्या मुलाच्या हाती आली आणि हा मुलगा गणितज्ञ निघाला. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला अनेकांना घाम फोडणारे ‘ग्रीनचे प्रमेय’ याच गिरणीवाल्याचे.

पवनचक्की म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावरचे, वीज तयार करणारे तीन पात्यांचे खांब येतात. स्नेंटनची चक्की शब्दशः चक्की आहे. वाऱ्यावर जाते फिरवायचे आणि गहू दळायचा, एवढेच तिचे काम.

थोरल्या ग्रीन यांचा मूळ धंदा नॉटिंगहॅम शहरात पाव भाजण्याचा. नेपोलियनशी चाललेल्या युद्धाच्या काळात गहू महागला, पाव गरिबाच्या आवाक्याबाहेर गेला आणि १८०० मध्ये शहरात दंगली उसळल्या. जमावाचा राग अर्थातच पाववाल्यांवर आणि धान्याच्या व्यापाऱ्यांवर निघाला. ग्रीन यांच्या भट्टीवरही हल्ला झाला आणि त्यांना संरक्षणासाठी नगराध्यक्षांकडे धाव घ्यावी लागली. मात्र धंदा बुडाला नाही. सात वर्षांनी त्यांनी शहराबाहेर, तेव्हा स्वतंत्र खेडे असलेल्या स्नेंटनमध्ये, स्वतःची गिरणी उभारली. पीठही आपले आणि पावही आपला, हा त्यामागचा साधा हिशेब. १८१७ मध्ये गिरणीला लागूनच घर बांधून कुटुंब तिथे राहायला आले.

जुन्या धाटणीच्या इंग्लिश पवनचक्क्यांत लाकडाची अख्खी खोली एका जाड खांबावर तोललेली असे आणि वारा बदलला की ती सगळीच्या सगळी वळवावी लागे. ग्रीन यांची गिरणी नव्या पद्धतीची होती. विटांचा बुरूज जागेवर पक्का आणि वरची टोपी तेवढी फिरती. टोपीच्या पुढे चार मोठी पाती, मागे एक छोटे पंख्यासारखे चाक. वारा समोरून असेपर्यंत हे मागचे चाक स्वस्थ असते. वाऱ्याने दिशा बदलली की तो आडवा येऊन चाकाला लागतो, चाक गरगरू लागते आणि दातेरी चाकांमार्फत टोपी हळूहळू वळवून मोठी पाती पुन्हा वाऱ्यासमोर आणते. मग चाक आपोआप थांबते. माणसाने हातही लावायचा नाही, अशी ही देखणी युक्ती आहे.

धान्याची पोती साखळीने वर चढत, आणि ही ओढही वाऱ्याचीच. वरून गहू लाकडी नरसाळ्यातून दगडांमध्ये उतरे आणि पीठ खालच्या मजल्यावर पोत्यात पडे. हे ऐकायला सोपे वाटले तरी गिरणीवाल्याची झोप वाऱ्याच्या मर्जीवर असायची. वारा मध्यरात्री सुटला तर दळण मध्यरात्री. वादळात पाती आवरली नाहीत तर ती बेफाम सुटत. नरसाळे रिकामे होऊन दगडावर दगड घासला तर ठिणग्या उडायच्या, आणि हवेत पिठाची धूळ! म्हणून गिरण्यांमध्ये नरसाळ्यातले धान्य तळाला गेले की वाजणारी घंटा बांधलेली असे. दगडांवरच्या खाचा झिजल्या की त्या छिन्नीने पुन्हा कोराव्या लागत. आपल्याकडे जाते टाकवून घेताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे काम निराळे समजावायला नको.

धाकटे जॉर्ज यांचा जन्म १७९३ चा. शाळा जेमतेम चार सत्रांची, आठव्या-नवव्या वर्षी. त्यानंतर भट्टी आणि मग गिरणी. गिरणीच्या कामाचा त्यांना जाच वाटे, असे त्यांच्या मेव्हण्याने नोंदवून ठेवले आहे. गिरणीच्या वरच्या मजल्यावर बसून ते अभ्यास करत, अशीही आठवण सांगितली जाते. १८२३ मध्ये ते नॉटिंगहॅमच्या ब्रोमली हाऊसमधील वर्गणीदारांच्या ग्रंथालयाचे सभासद झाले. पाच वर्षांनी, १८२८ मध्ये, त्यांनी विद्युत आणि चुंबकत्वाच्या सिद्धांतांना गणित लावणारा निबंध स्वखर्चाने छापला. किंमत साडेसात शिलिंग आणि वर्गणीदार ५१. त्यांतल्या बहुतेकांना त्यातले अक्षरही कळले नसणार. ‘पोटेन्शियल’ (विभव) ही आज प्रत्येक विज्ञानाच्या पुस्तकात असलेली संज्ञा या निबंधात आजच्या अर्थाने आली.

वर्गणीदारांपैकी लिंकनशायरमधले जमीनदार सर एडवर्ड ब्रॉमहेड हे स्वतः गणित जाणणारे होते. त्यांनी पुढचे लेखन विद्वत्संस्थांकडे पाठवण्याची तयारी दाखवली. ग्रीन यांनी ही नुसती औपचारिकता समजून जवळजवळ दोन वर्षे उत्तरच दिले नाही. दरम्यान १८२९ मध्ये वडील वारले, हाती मालमत्ता आली आणि गिरणीतून सुटका झाली. १८३३ मध्ये, चाळिशीत, ते केंब्रिजच्या कीझ कॉलेजात विद्यार्थी म्हणून दाखल झाले. १८३७ च्या गणिताच्या परीक्षेत त्यांचा चौथा क्रमांक आला, १८३९ मध्ये कॉलेजचे फेलो, म्हणजे तिथले मानाचे सदस्य, म्हणून निवड झाली. पण प्रकृती ढासळून ते घरी परतले आणि ३१ मे १८४१ रोजी स्नेंटनमध्येच वारले. तिथल्याच सेंट स्टीफन्स चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे.

या कथेत जेन स्मिथ यांचे नाव सहसा एका ओळीत उरकले जाते. त्या गिरणीच्या व्यवस्थापकाच्या कन्या. ग्रीन यांना त्यांच्यापासून सात मुले झाली, पण लग्न झाले नाही. ग्रीन यांच्या वडिलांचा विरोध होता, असे सांगितले जाते. पुढे फेलो व्हायचे तर अविवाहित असणे भागच होते. गणितज्ञाच्या चरित्रात ही एक अडचण म्हणून येते. स्नेंटनमध्ये सात मुले वाढवणाऱ्या बाईच्या बाजूने या गोष्टीकडे क्वचितच कोणी पाहिले आहे.

निबंध विस्मरणातच गेला असता. पण १८४५ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांच्या हाती त्याची प्रत पडली. त्यांनी तो पॅरिसच्या गणितज्ञांना दाखवला आणि १८५० ते १८५४ दरम्यान बर्लिनच्या ‘क्रेले’ या गणिताच्या नियतकालिकात तो क्रमशः प्रसिद्ध झाला.

गिरणीचे नशीब उलटे फिरत होते. वाफेवरच्या गिरण्यांना वाऱ्याची वाट पाहावी लागत नव्हती. १८६० च्या दशकात स्नेंटनचे दळण थांबले आणि १८७७ मध्ये खेडेच नॉटिंगहॅममध्ये सामावले गेले. विसाव्या शतकात तो बुरूज पॉलिश बनवणाऱ्यांच्या ताब्यात होता. १९४७ मध्ये आग लागली आणि आतले सगळे जळून विटांचे नळकांडे तेवढे उरले. नुसती जुनी गिरणी म्हणून ते कुणी राखले असते असे वाटत नाही. तशा शेकडो गिरण्या इंग्लंडभर पडल्या. ग्रीन यांच्या नावासाठी निधी उभा राहिला, १९७९ मध्ये नगरपालिकेने जागा विकत घेतली आणि डागडुजीनंतर १९८६ मध्ये पाती पुन्हा फिरली. शेजारी मुलांसाठी विज्ञान केंद्र आहे. गिरणीत दळलेले पीठ तिथेच विकत मिळते.