गांध किती, लाली किती: प्रिक टेस्ट उपकरणाने मोजताना
(अ‍ॅलर्जी टेस्ट करणाऱ्या कोल्हापूर परिसरातील क्लिनिकसाठी)

प्रिक टेस्ट (अ‍ॅलर्जी आणणाऱ्या पदार्थाचा थेंब ठेवून त्वचेला हलके टोचणे) १५ ते २० मिनिटांनी वाचतात. गांधीचा (टोचल्या जागी उठलेल्या फुगवट्याचा) सर्वांत मोठा व्यास आणि त्याला मधोमध काटकोनातला व्यास, यांची सरासरी काढायची. तुलनेसाठी नुसते सलाइन (मिठाचे पाणी) टोचलेल्या जागेपेक्षा ती किमान ३ मिमी जास्त असली की टेस्ट पॉझिटिव्ह. पट्टी सोपीच आहे; घोळ होतो तो कड ठरवताना. दोघांनी आखलेल्या रेषा जुळत नाहीत, आणि सावळ्या त्वचेवर लाली धड दिसत नाही.

पोलरायझर कॅमेरा: दिव्यावरची आणि लेन्सवरची काच एकमेकींना काटकोनात फिरवली की चकाकी जाते, लाली उठून दिसते. उंचवटा मात्र सपाट होतो, म्हणून दुसरा फोटो तिरप्या उजेडात घ्या. मिमी पट्टी हाताला चिकटवूनच ठेवा. टेबलावर ठेवली तर ती लेन्सपासून लांब पडते आणि गांध आहे त्यापेक्षा मोठी मोजली जाते.

थर्मल कॅमेरा: हा गांध मोजत नाही. लालीत रक्तप्रवाह वाढून त्वचा गरम होते, तो डाग दाखवतो. डाग गांधीपेक्षा बराच मोठा असतो, त्याला ३ मिमीचा नियम लावू नका. कॅमेऱ्यातले उत्सर्जकतेचे सेटिंग (त्वचा उष्णता किती बाहेर टाकते ते) ०.९८ ठेवा. खोली २० ते २४ अंश, बाही वर करून १५ मिनिटे बसवा, टोचण्याआधीचा एक फोटो हवाच. मे महिन्यात दुचाकीवरून आलेला हात लगेच मोजलात तर सगळाच तापलेला दिसेल. पंख्याचा झोत हातावर नको (पेशंट कुरकुरतील, तरी नको). स्पिरिटने पुसले तर ते उडताना त्वचा गार पडते. टोचण्यांत एरवी २ सेमी अंतर चालते. इथे डाग एकमेकांत मिसळतात, म्हणून जागा असेल तर ४ सेमी सोडा आणि हिस्टामिन (तुलनेसाठी टोचायचा, गांध हमखास उठवणारा द्रव) टोकाला ठेवा.

हिस्टामिनची (१० मिग्रॅ/मिली) गांधच उठली नाही तर बाकीचे आकडे बाद. अँटिहिस्टामिन (अ‍ॅलर्जी दाबणाऱ्या गोळ्या) घेतलेल्या पेशंटच्या हातावर यंत्र बिनचूक शून्य मोजेल! या गोळ्या साधारण ७ दिवस आधी बंद लागतात, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने. आणि गांध मोठी म्हणजे आजार तितकाच मोठा, असे पेशंटला सांगू नका.

निव्वळ रोजच्या निदानासाठी थर्मल कॅमेऱ्याचा खर्च आम्ही सुचवत नाही. पोलरायझर आणि पट्टी पुरते. संशोधनासाठी किंवा औषधाच्या आधी-नंतरची तुलना करायची असेल, तर दोन्ही घ्या.